त्यांची सुट्टी, आमचा खाडा

आमच्या कारखान्यात माझ्या टेबलामागच्या भिंतीवर एक मोठा तक्ता टांगलेला असतो. बारा महिने, तीनशे पासष्ट चौकोन. दरवर्षी डिसेंबरात मी तो नव्याने आखते आणि रंगीत पेन्सिलींनी भरते. चीनच्या सुट्ट्या लाल, जर्मनीच्या हिरव्या, बँकेच्या पिवळ्या. नवीन माणूस आला की त्याला वाटते, या बाईला सुट्ट्यांची फार हौस दिसते! पण हौसेचा यात भाग नाही. या रंगांवरच आमच्या कारखान्यातील दीडशे माणसांचा पगार अवलंबून असतो.

कारखाना ठाणे-बेलापूर पट्ट्यातला. शाळेची दप्तरे आणि प्रवासी बॅगा शिवून परदेशी पाठवतो. मी २००९ साली येथे धागे कापणारी मदतनीस म्हणून लागले. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. झाले आणि २०१३ साली डिस्पॅचच्या टेबलावर बसले. आमचे साहेब या सगळ्या व्यवहाराला ‘सप्लाय चेन’ म्हणतात. शिवण लाईनवरच्या बाया ‘चेन’ म्हटले की बॅगेची चेन समजतात. माझ्या अनुभवाने सांगते, दोघांचेही बरोबर आहे. बॅगेची चेन आली नाही, तर साहेबांची चेन तुटते.

आमच्या बॅगेचे कापड, चेन, रनर, बक्कल यातील पुष्कळसे सामान चीनहून येते. तेथून जहाजाने न्हावाशेवाला यायला अडीच-तीन आठवडे लागतात. शिवलेला माल न्हावाशेवाहून जर्मनीतील हॅम्बुर्गला पोहोचायला साधारण महिना लागे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून अनेक जहाजे सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि त्यात आणखी दहा-पंधरा दिवस वाढले. जर्मनीत शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतात. दप्तरे त्याआधी दुकानांत लागली पाहिजेत. म्हणजे एप्रिलअखेर आमचा माल जहाजावर चढलाच पाहिजे. त्यासाठी फेब्रुवारीत शिवण जोरात हवी. आणि नेमके फेब्रुवारीतच चीनचे नववर्ष आडवे येते.

हे नववर्ष चंद्रावर चालते. अमावास्येला सुरू होते. म्हणून त्याची तारीख २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान दरवर्षी सरकते. २०२४ साली ते १० फेब्रुवारीला होते, २०२५ साली २९ जानेवारीला, २०२६ साली १७ फेब्रुवारीला. सरकारी सुट्टी आठवडाभराचीच असते. २०२५ साली ती आठ दिवसांची होती. परंतु कारखाने खरे बंद राहतात ते तीन-चार आठवडे.

हे मला सुरुवातीला ठाऊक नव्हते. २०१४ साली नववर्ष ३१ जानेवारीला होते. मी सरकारी सुट्टी सात दिवसांची धरली, पुढेमागे दोन दिवस घातले आणि साहेबांना सांगितले, दहा दिवसांचा उशीर होईल. प्रत्यक्षात चेन आली ती मार्चअखेरीस. शिवण लाईनवर बॅगांचे ढीग लागले. सगळे शिवून तयार, फक्त तोंडाला चेन नाही. पगारी माणसांना साफसफाईला लावले. ठेकेदाराकडच्या, नगावर काम करणाऱ्या बायांना मात्र अकरा दिवस घरी बसवले. नग नाही तर दाम नाही. माझ्या एका चुकीच्या आकड्याने त्या अकरा घरांत त्या महिन्यात उधारी झाली. त्यातल्या एकीने मला गेटवर विचारले, “ताई, चीनच्या लोकांचा सण आणि चूल आमची बंद, हे कसं काय?” मला उत्तर देता आले नाही.

नंतर मी चौकशी केली तेव्हा कळले की तेथील कारखान्यांत राबणारी माणसे बहुतेक दूरच्या खेड्यांतून आलेली असतात. अनेकांची मुलेबाळे गावी आजी-आजोबांजवळ वाढतात. वर्षातून एकदाच, या नववर्षाला, आईबापांना मुलांचे तोंड दिसते. म्हणून सुट्टी लागण्याच्या आठवडाभर आधीपासूनच माणसे गाड्यांना लटकून निघतात आणि पंधरवडा उलटून गेल्यावर हळूहळू परततात. काही जण परततच नाहीत, दुसरीकडे काम धरतात. मग नवी माणसे शिकवावी लागतात. गाव सोडून ठाण्या-मुंबईत पोट भरायला आलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको.

या एका सुट्टीभोवती सारे जग आपली पावले मोजते. सुट्टीच्या आधी प्रत्येकाला आपला माल चीनबाहेर काढायचा असतो. मग जहाजावर जागा मिळत नाही, भाडे चढते. सुट्टीनंतर कारखान्यांतून माल निघालेला नसतो, तेव्हा जहाज कंपन्या रिकाम्या फेऱ्या रद्द करतात. म्हणजे तयार असलेला थोडा मालही पुढच्या जहाजाची वाट पाहत बसतो. फेब्रुवारीत चेन हातात हवी असेल तर ती जानेवारीच्या मध्याच्या आत जहाजावर चढली पाहिजे. त्यासाठी ऑर्डर नोव्हेंबरात गेली पाहिजे. त्यातही १ ऑक्टोबरपासून त्यांच्या राष्ट्रीय दिनाची आठवडाभर सुट्टी असतेच. म्हणून अशोक विजयादशमीला आपले लोक नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघालेले असतात, त्या दिवसांत मी चीनच्या फेब्रुवारीचा हिशेब मांडून बसलेली असते.

जर्मनीची तऱ्हा निराळी. तेथे रविवार हा खरोखरच रविवार असतो. दुकाने बंद. साडेसात टनांपेक्षा जड ट्रकांना रविवारी आणि सणाच्या दिवशी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला मनाई. गुड फ्रायडेपासून ईस्टरच्या सोमवारापर्यंत सलग चार दिवस कचेऱ्या बंद. मे महिन्यात आणखी सुट्ट्या. जगात सर्वांत जास्त माल परदेशी पाठवणाऱ्या देशांत जर्मनीचे नाव वर आहे. रविवारी ट्रक थांबवून तो देश बुडाला नाही. ट्रक थांबणार हे सर्वांना आधीपासून माहीत असते, म्हणून शनिवारी आणि सोमवारी त्याप्रमाणे माणसे लावली जातात.

हा सगळा हिशेब मी शिकले आणि त्यात तरबेज झाले. साहेब कौतुकाने म्हणायचे, “मॅडमना विचारा, जगात कुठे कधी सुट्टी आहे ते!” आणि एवढी वर्षे त्या तक्त्यावर १४ एप्रिलच्या चौकोनात मी फक्त बँकेचा पिवळा रंग भरीत होते. बँक बंद, एवढाच त्या दिवसाचा अर्थ. माझ्या स्वतःच्या हातांनी!

आमच्या कारखान्यातील निम्म्याहून अधिक माणसे आपली आहेत. दरवर्षी १४ एप्रिलला बरेच जण यायचे नाहीत. कुणी आजारी पडायचे, कुणाच्या गावी कुणी वारायचे. हजेरी पुस्तकात खाडा लागायचा. सगळ्यांना खरे कारण माहीत असायचे, पण बोलायचे कुणी नाही. मी टेबलावर बसल्यापासून त्या दिवशी कामावर जात होते. नोकरी नवी, माणूस भिऊन असतो. पहाटे विहारात जाऊन वंदना घ्यायची आणि साडेआठला हजर व्हायचे, असा मी माझ्यापुरता तोडगा काढला होता.

२०१७ साल उजाडले. त्या वर्षी १४ एप्रिलला शुक्रवार होता. माझी मुलगी पाचवीत होती. विहारातील जयंतीच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदाच भाषण करणार होती. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर चार मिनिटांचे भाषण. पंधरा दिवस घरात तिचा सराव चालला होता. मी तिला शब्द दिला होता, काही झाले तरी येईन.

तेरा तारखेला दुपारी साहेबांनी सर्वांना जमवून सांगितले, “कंटेनर भरायचा आहे. जर्मनीचा माल. उद्या कुणीही खाडा करायचा नाही. करील त्याला नोटीस मिळेल.” मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला पांढरा गणवेश घातला, निळी रिबीन बांधली आणि तिच्या वडिलांच्या हवाली केले. ती म्हणाली, “आई, तू नाहीच ना येणार?” मी म्हणाले, “कंटेनर आहे, बाळ.” पाचवीतल्या मुलीला कंटेनर काय समजणार!

त्या दिवशी सात बाया आणि चार पुरुष आले नाहीत. उरलेल्यांनी रात्री आठपर्यंत राबून कंटेनर भरला. आमच्या करारात एक अट असते. माल तपासल्याचा अहवाल आम्ही खरेदीदाराला पाठवायचा आणि ‘माल सोडा’ अशी त्यांची लेखी परवानगी आल्यावरच कंटेनर गेटबाहेर काढायचा. मी संध्याकाळी अहवाल ईमेलने धाडला. मिनिटभरात उत्तर आले. ते माणसाने लिहिलेले नव्हते, यंत्राने पाठवलेले होते. ईस्टरच्या सुट्टीनिमित्त आमचे कार्यालय बंद असून मंगळवार, १८ एप्रिल रोजी उघडेल.

मी मागे वळून तक्त्याकडे पाहिले. १४ एप्रिल, गुड फ्रायडे. हिरवा रंग भरलेला होता. मीच भरला होता. पण साहेबांनी तारीख सांगितली तेव्हा त्या हिरव्या चौकोनाकडे बोट दाखवण्याचे धैर्य मला झाले नव्हते. शुक्रवारी राबून भरलेला तो कंटेनर शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार अशा चार रात्री आमच्याच आवारात उभा राहिला. त्याचे भाडे वेगळे. मंगळवारी दुपारी, जर्मनीत सकाळ झाल्यावर, परवानगी आली. संध्याकाळी कंटेनर न्हावाशेवाला गेला आणि बंदराचे गेट बंद होण्याआधी आत पोहोचला. आम्ही शुक्रवारी सुट्टी घेऊन शनिवारी तो भरला असता, तरीही त्याच जहाजावर चढला असता. तिकडच्या माणसांनी आपला सण घरी साजरा केला. त्यांच्या बंद कार्यालयासाठी आम्ही आमचा दिवस घालवला.

यापुढची गोष्ट लिहिताना अजूनही लाज वाटते, पण लिहिलीच पाहिजे. सोमवारी साहेबांनी मला त्या अकरा जणांच्या नोटिसा टाईप करायला सांगितल्या. ‘दिनांक १४ एप्रिल रोजी विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल’. मी अकराही टाईप केल्या. खाली साहेबांची सही झाली. वाटायलाही मीच गेले.

पॅकिंगमध्ये आमच्या एक मावशी होत्या. कारखाना सुरू झाला तेव्हापासूनच्या. अंगठा सोडून सही करायला त्या पन्नाशीत शिकल्या होत्या. त्यांनी नोटीस हातात घेतली आणि मला म्हणाल्या, “वाच पोरी.” मी वाचली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “एवढी वर्षं नुसता पगार कापत होते. आज पहिल्यांदा आपला दिवस कागदावर आला. तुझ्या हातानं आला, पण आला. जपून ठेवते.” आणि खरोखरच घडी घालून त्यांनी ती नोटीस डब्याच्या पिशवीत ठेवली.

त्यांनी मला बोल लावला असता तर बरे वाटले असते. त्या रात्री मुलीने तिचे भाषण मला घरात पुन्हा म्हणून दाखवले. चवदार तळ्याचे पाणी तेथे होतेच. ते घेण्याचा हक्क आपला आहे हे सांगायला तेथे जावे लागले, असे एक वाक्य तिच्या गुरुजींनी लिहून दिले होते. माझ्या डोक्यात मावशींचा ‘कागद’ फिरत होता. चीनच्या सुट्टीला आम्ही कधी खाडा म्हणत नाही. जर्मनीच्या सुट्टीला म्हणत नाही. साहेब त्या देशांवर चिडतही नाहीत. कारण ती सुट्टी डिसेंबरातच तक्त्यावर चढलेली असते. आमचा दिवस मात्र तेरा तारखेच्या दुपारी कुजबुजीतून कळतो. जी सुट्टी आधी कागदावर येते तिचा बंदोबस्त होतो. जी येत नाही तिचा खाडा होतो.

आपल्याला हे नवे नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना एकेकाळी हक्काचा साप्ताहिक रविवारही नव्हता. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली आणि मागण्या लेखी मांडल्या. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. माझे वडील गिरणीत होते. त्यांच्या रविवारच्या मटणाच्या वाटणात लोखंड्यांचा हात होता, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. परमपूज्य बाबासाहेब १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात १९४५ साली कारखाना कायद्यात पगारी रजेची तरतूद आली आणि १९४६ च्या दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आपण ज्यांच्या जयंतीची सुट्टी मागायला घाबरत होतो, त्यांनीच कामगाराच्या विश्रांतीला कायद्यात जागा मिळवून दिली होती!

एखाद्या बौद्ध देशात हे कसे चालते, म्हणून मी श्रीलंकेची माहिती काढली. तेथे प्रत्येक पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते आणि वैशाख पौर्णिमेला दोन दिवस. १९६६ साली तर त्यांनी रविवारच काढून टाकला होता! चंद्राच्या चार कलांप्रमाणे महिन्यातून चार पोया, त्याच साप्ताहिक सुट्ट्या. मनाला हे वाचून फार बरे वाटले. पण चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा. त्याचे चार सारखे आठवडे होत नाहीत. सुट्टी कधी मंगळवारी, कधी गुरुवारी. बाहेरचे जग रविवारी बंद आणि कोलंबो चालू. बाहेरचे जग चालू आणि कोलंबो बंद. परदेशाशी व्यापार करणाऱ्या बेटाला ते जमेना. १९७१ साली त्यांनी रविवार परत आणला. मात्र पौर्णिमा सोडली नाही. आजही ती सुट्टी आहे, आणि आजही जगभरचे व्यापारी त्यांच्याकडून कपडे शिवून घेतात. आपला दिवस सोडायचा नाही आणि जगाशी मेळही घालायचा, हे दोन्ही जमते असा धडा मी त्यातून घेतला.

डिसेंबर २०१७ मध्ये नव्या वर्षाचा तक्ता आखायची वेळ आली. तेव्हा मी, मावशी आणि लाईनवरचे दोन भाऊ असे चौघे विहारात बसलो. भांडणाची भाषा करायची नाही, पण तोंडीही काही ठेवायचे नाही, असे ठरले. मी अर्ज लिहिला. १४ एप्रिल २०१८, शनिवार, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती. या दिवशी कारखान्यास पगारी सुट्टी असावी. खाली एकशे सहा सह्या. त्यात आपल्या नसलेल्या सत्तावीस जणांच्याही होत्या. कटिंगचे एक मास्तर मुसलमान. ते म्हणाले, “ताई, ईदला माझाही खाडाच लागतो.”

अर्जासोबत मी दुसरा कागद जोडला, आणि माझ्या मते काम त्यानेच केले. त्यावर एप्रिलचा हिशेब होता. जहाज कोणत्या तारखेला, बंदराचे गेट कधी बंद, कंटेनर कधी भरायचा, चेन कधी हातात येणार. १४ तारखेचा चौकोन मी निळा रंगवला होता आणि सगळे काम त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवून दाखवले होते. साहेब म्हणाले, “एक दिवस गेला की दीडशे माणसांचे आठ तास गेले. ते कुठून आणणार?” मी म्हणाले, “साहेब, चीन कुठून आणतो? सणाच्या सुट्टीचे दिवस ते लोक शनिवार-रविवारी काम करून भरून काढतात. या वर्षी आम्ही १५ तारखेचा रविवार भरून देतो. एक वर्ष बघा.” साहेब हसले. म्हणाले, “आणि रविवारी कुणी आलेच नाही तर?” मी म्हणाले, “तर पुढच्या वर्षी मागणार नाही.” हे शब्द तोंडून गेले आणि माझ्या पोटात गोळा आला. आदल्या दिवशीची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालते. सकाळी साडेआठला किती जण येतील, याची मला स्वतःलाच खात्री नव्हती.

शेठनी चार दिवसांनी मान्यता दिली. आपण सगळ्यांनी घराघरांतून निरोप फिरवला : रविवारचा खाडा म्हणजे बाबासाहेबांच्या दिवसाचा खाडा.

१४ एप्रिलला मी विहारात पहिल्या रांगेत बसले. मुलीने त्या वर्षी लोखंड्यांवर भाषण केले. मिरवणूक रात्री बाराला संपली. रविवारी सकाळी आठलाच मी गेटवर जाऊन उभी राहिले. पहिल्या मावशी आल्या. मग दोघे, मग दहा. डोळे तारवटलेले, कुणाच्या कानामागे निळा गुलाल तसाच, पण पावले कारखान्याकडे. साडेआठला हजेरी झाली. एकही खाडा नव्हता. एरवीच्या सोमवारीदेखील आमच्याकडे आठ-दहा खाडे असतात. साहेबांनी हजेरी पुस्तक दोनदा पाहिले आणि काही न बोलता मिटले.

२०१९ पासून १४ एप्रिल आमच्या यादीत पूर्ण पगारी सुट्टी म्हणून आली, रविवार न भरता. मास्तरांची ईदही आली. २०२० साली उलटेच झाले. चीनमध्ये करोनामुळे नववर्षाची सुट्टी लांबली, चेन अडकली, आणि ती येते न येते तोच आपल्याकडे टाळेबंदी लागली. १४ एप्रिलला साऱ्या जगाचा एकाच वेळी खाडा होता. आम्ही घरातच वंदना घेतली. त्या महिन्यांत नगावरच्या बायांचे जे हाल झाले ते मी पाहिले आहेत. त्या आठवणीने हा लेख आनंदात संपवता येत नाही.

कारण १४ एप्रिलची पगारी सुट्टी आम्हा कायम माणसांची आहे. ठेकेदाराकडच्या नगावरच्या बायांना त्या दिवशी सुट्टी मिळते, पगार मिळत नाही. त्यांच्यासाठी तो निळा चौकोनही रिकाम्या ताटाचाच. मावशी निवृत्त झाल्या, पण भेटल्या की विचारतात, “त्या पोरींचं काय झालं?” ठेकेदाराकडे आमचा अर्ज पडून आहे. बुद्ध पौर्णिमेचाही अर्ज केला आहे. श्रीलंका, थायलंड, सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया, दक्षिण कोरिया या देशांची बुद्ध जयंतीची सुट्टी मी तक्त्यावर भरते. बुद्धाच्या भूमीतला आमचा कारखाना त्या दिवशी चालू असतो.

माझ्या बहिणींना आणि भावांना एवढेच सांगणे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण गोदामांत, बंदरावर, पॅकिंगला, ट्रकवर आहेत. जगाचा माल आपल्या हातांतून जातो. सुट्टीने तो अडत नाही, न कळवलेल्या सुट्टीने अडतो. तेव्हा मागणी डिसेंबरात करा, एप्रिलमध्ये नको. लेखी करा, सगळे मिळून करा. कामाचा हिशेब सोबत जोडा आणि दिलेला शब्द पाळा. दुकाने, गोदामे, कचेऱ्या यांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात, ठरावीक संख्येहून अधिक माणसे जेथे काम करतात तेथे वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्यापूर्वी संमतीने ठरवायच्या. त्या चारांत आपला दिवस आहे का, हे आज जाऊन पाहा. कारखान्यांत यादी बहुधा समझोत्याने ठरते, तेथेही विचारल्याशिवाय कुणी देत नाही.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे. मागच्या डिसेंबरात मी तक्ता घरी आणून आखीत होते. ती शेजारी येऊन बसली आणि तिने निळी पेन्सिल उचलली. १४ एप्रिल रंगवून झाल्यावर तिने ६ डिसेंबरच्या चौकोनावर बोट ठेवले आणि म्हणाली, “आई, हा?”

मी म्हटले, “नुसता रंगवून चालत नाही. आधी अर्ज लिहायला घे.”

जयभीम.